१६३ दिवस : मरणपंथाला लागलेल्या बंद्याच्या दया याचिकेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका मध्यवर्ती कारागृहातले आहे. विधी साहाय्याच्या पॅनेलवरचा वकील म्हणून ते माझ्याकडे आले. नावे, गाव, जिल्हा आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दिवसांचा हिशोब मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात जे बिघडले ते दिवसांमुळेच. फौजदारी प्रक्रिया संहिता तेव्हा लागू होती, म्हणून कलमे जुनी दिली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुन्या ४३२, ४३३ आणि ४३३-अ या कलमांच्या जागी ४७३, ४७४ आणि ४७५ ही कलमे आली. चौकट फारशी बदललेली नाही.

पार्श्वभूमी

बंद्याला इथे आप्पा म्हणू. वय ६६. बांधाच्या वादातून शेजारच्या शेतकऱ्याच्या डोक्यात फावड्याचा घाव घातला, तो जागीच गेला. कलम ३०२, जन्मठेप. उच्च न्यायालयात अपील फेटाळले गेले, सर्वोच्च न्यायालयात कोणी गेले नाही. माझ्याकडे प्रकरण आले तेव्हा प्रत्यक्ष भोगलेली शिक्षा ११ वर्षे ४ महिने होती. वागणूक चांगली. संचित रजेवर (फर्लोवर) चार वेळा गेले आणि चारही वेळा ठरल्या दिवशी परत हजर झाले. मधल्या काळात बायको वारली. एक मुलगी, लग्न होऊन ६० किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी. ती अंगणवाडीत मदतनीस, जावई टेम्पो चालवतो.

मयताच्या मागे पत्नी आणि एक मुलगा. घटना घडली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. आता तोच शेती बघतो. दोन्ही शेतांमधला बांध अजून तोच आहे.

आप्पांना तंबाखूची जुनी सवय. गालाच्या आत जखम झाली, भरेना. सरकारी रुग्णालयात तपासणीची तारीख मिळाली, पण पोलीस गार्ड न मिळाल्याने तीन तारखा हुकल्या. चौथ्या वेळी तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झाले. आठ महिन्यांनी गाठ पुन्हा उगवली, या वेळी जबड्यापर्यंत. रुग्णालयाच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिले की आता फक्त वेदनाशमन. हा कागद ज्या दिवशी लिहिला गेला, तो या अभ्यासातला पहिला दिवस.

समस्या

नवव्या दिवशी कारागृहातल्या विधी साहाय्य केंद्रात मी आप्पांना भेटलो. तोंड एक बोट जाईल एवढेच उघडत होते. बोलणे कळत नव्हते, शेजारी बसलेला दुसरा बंदी ते मला सांगत होता. आप्पांचे म्हणणे दोनच वाक्यांचे होते. सुटका मागत नाही. रात्री दुखते, त्याचे काहीतरी करा.

ही रात्रीची गोष्ट मला पुढे सगळ्यात महत्त्वाची ठरली. अशा दुखण्यावर मॉर्फीनची साधी गोळी साधारण दर चार तासांनी द्यावी लागते. त्या कारागृहाच्या दवाखान्यात मॉर्फीन नव्हते. रुग्णालयातून आणलेल्या गोळ्या कुलपात असत आणि संध्याकाळी बराक बंद झाली की सकाळी उघडेपर्यंत गोळी देणारे कोणी नसे. म्हणजे रात्रीचे दोन-तीन डोस रोज चुकायचे. कोणी क्रूर होते म्हणून नव्हे, तर बराकीचे वेळापत्रक निरोगी माणसासाठी आखलेले आहे म्हणून. दया याचिकेत आपण नेहमी आजार किती मोठा ते मांडतो. तुरुंगाला काय जमत नाही, हे मांडायचे राहून जाते. सरकारने नेमके हेच तोलायला हवे, असे माझे मत आहे. न्यायालयाने शिक्षा म्हणून स्वातंत्र्य काढून घेतलेले असते. रात्रभर न शमणारे दुखणे शिक्षेत लिहिलेले नसते.

दुसरी अडचण कायद्याची. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर कलम ४३३-अ प्रमाणे १४ वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सुटका नाही. तुरुंगात मिळालेली माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, त्यात धरत नाहीत. आप्पांना अडीच वर्षांहून जास्त काळ बाकी होता आणि डॉक्टर महिन्यांच्या भाषेत बोलत होते.

तपासलेले पर्याय

अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, हा पहिला विचार. पण आपल्याकडचे १९५९ चे रजेचे नियम प्रामुख्याने नातेवाइकांचा आजार, मृत्यू, लग्न अशा कारणांभोवती बांधलेले आहेत. बंदी स्वतः आजारी असेल तर त्याचा उपचार करणे ही कारागृहाची जबाबदारी, अशी त्यामागची धारणा. शिवाय रजा संपते. रजा संपल्यावर या माणसाला रुग्णवाहिकेतून परत दाराशी आणून हजर करायचे, हे मला पटेना.

दुसरा पर्याय रुग्णालयाच्या बंदी कक्षात कायम ठेवण्याचा. त्यात मॉर्फीन वेळेवर मिळाले असते. पण ज्याच्यावर उपचार उरलेले नाहीत अशा रुग्णाला रुग्णालय आठवड्यात परत पाठवत होते, आणि खाटा कमी असताना त्यांना दोषही देता येत नव्हता.

तिसरा, कलम ४३२ खाली राज्य सरकारकडे उरलेल्या शिक्षेच्या माफीचा अर्ज. चौथा, संविधानाच्या अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांकडे दया याचिका. ४३३-अ ची १४ वर्षांची अट राज्यपालांच्या या अधिकाराला बांधत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मारू राम खटल्यापासून स्पष्ट केले आहे. त्याच निकालाने हेही सांगितले की राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. त्यामुळे याचिकेवर ‘महामहीम’ लिहिले असले तरी ती पटवून द्यायची असते मंत्रालयात गृह विभागात पहिली टिपणी लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला. त्या टेबलावर जे कागद नसतील ते वर कोणालाच दिसत नाहीत. ही गोष्ट मला उशिरा कळली.

पाचवा पर्याय उच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारला आदेश द्या अशी याचिका. तिथे सुटका मागण्यापेक्षा ‘मुदतीत निर्णय घ्या’ एवढेच मागणे शहाणपणाचे, असे माझ्या ज्येष्ठ सहकारी ताईंचे म्हणणे. दया देणे हे न्यायालयाचे काम नाही. दयेचा अर्ज रखडवला जात असेल किंवा अप्रस्तुत कारणांवर निकाली निघत असेल, तर मात्र न्यायालय बघते. एपुरू सुधाकर खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट नीट आखून दिली आहे.

प्रत्यक्ष कृती आणि निर्णयाचे क्षण

पहिला निर्णय चुकला. कारागृहात ४३२ च्या अर्जाचा छापील नमुना तयार होता, लिपिकाला त्याची सवय होती, म्हणून बाराव्या दिवशी तोच पाठवला. ‘राज्यपालांकडे नंतर जाऊ, आधी नेहमीच्या वाटेने’ असे मी म्हणालो होतो. एकसष्टाव्या दिवशी अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा : १४ वर्षे पूर्ण नाहीत. हे उत्तर पहिल्या दिवशीच कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. एकोणपन्नास दिवस गेले आणि त्यांची जबाबदारी माझी आहे.

सहासष्टाव्या दिवशी अनुच्छेद १६१ खाली याचिका गेली. आता अहवाल मागवले गेले : कारागृह अधीक्षक, वैद्यकीय मंडळ, पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि शिक्षा देणारे न्यायालय.

वैद्यकीय मंडळाचा पहिला अहवाल ८४ व्या दिवशी आला. त्यात लिहिले होते : ‘रुग्ण गंभीर आजाराने ग्रस्त असून उपचार सुरू आहेत. प्रकृती स्थिर.’ डॉक्टरांच्या भाषेत स्थिर म्हणजे नाडी, रक्तदाब ठीक. टिपणी लिहिणाऱ्याच्या भाषेत स्थिर म्हणजे काही घाई नाही. मंडळावर कर्करोगाचे डॉक्टरही नव्हते. आम्ही फेरतपासणी मागितली आणि सोबत प्रश्न लिहून दिले. हा माणूस काय गिळू शकतो? वजन किती होते, आता किती आहे? रोग बरा करणारा कोणता उपचार शिल्लक आहे? रोज कोणती औषधे, किती तासांनी लागतात, आणि ती कारागृहात रात्री देता येतात का? गाठीतून अचानक रक्तस्राव होण्याचा धोका आहे का, आणि झाल्यास बराकीत काय करता येईल?

९७ व्या दिवशी दुसरा अहवाल आला. वजन ५७ किलोवरून ३८. अन्न नाकातल्या नळीतून. बरा करणारा उपचार नाही. रात्रीचे वेदनाशामक कारागृहात देण्याची सोय नाही. तोच माणूस, तोच आजार. फरक फक्त विचारण्यात होता.

आम्ही एक गोष्ट मुद्दाम विचारली नाही : किती महिने उरले? तो आकडा एकदा कागदावर आला की सगळा निर्णय त्याच्यावर टांगला जातो. २००९ मध्ये स्कॉटलंडने लॉकरबी विमानस्फोटातील शिक्षाबंदी अल मेगराही याला कर्करोगामुळे सोडले तेव्हा सुमारे तीन महिन्यांचा अंदाज दिला होता. तो मे २०१२ पर्यंत जगला. २७० माणसे त्या स्फोटात गेली होती, त्यामुळे तो प्रत्येक जादा महिना म्हणजे त्यांच्या घरच्यांच्या जखमेवर मीठ होते, आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यावर फसवले गेल्याचा आरोप. आयुष्य किती उरले हे डॉक्टरही ठामपणे सांगू शकत नाही. आज माणसाची अवस्था काय आहे हे मात्र सांगू शकतो.

शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत प्रतिकूल आले : गुन्हा गंभीर, १४ वर्षे पूर्ण नाहीत, शिफारस नाही. आजाराचा उल्लेखच नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की मत मागवणाऱ्या पत्रासोबत वैद्यकीय कागद जोडलेलेच नव्हते. न्यायाधीशांनी समोर होते तेवढ्यावर मत दिले. दुसरा वैद्यकीय अहवाल जोडून पत्र पुन्हा पाठवून घेतले. या वेळी मत आले की, गुन्ह्याचे गांभीर्य कायम असले तरी प्रकृती पाहता शासनाने योग्य तो निर्णय घ्यावा. तेवढे पुरेसे होते.

पोलिसांचा अहवाल सगळ्यात अवघड होता. ‘बंदी गावी आल्यास शांतता व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होऊ शकतो.’ माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. ३८ किलोचा, नळीवरचा माणूस कोणाची शांतता बिघडवणार? सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मण नसकर प्रकरणात मुदतपूर्व सुटकेसाठी तपासायचे प्रश्न दिले आहेत : गुन्हा एकट्या-दुकट्यापुरता होता की समाजाला धक्का देणारा, पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता किती, गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, तुरुंगात ठेवून काही साधते का, कुटुंबाची स्थिती काय. या प्रत्येकाचे उत्तर आमच्या बाजूने होते. ताई म्हणाल्या, ‘अरे, त्यांना आप्पांची भीती नाहीये. मयताच्या मुलाची आहे. तो एकवीस वर्षांचा आहे.’

त्यांचे बरोबर होते. मी फक्त माझ्या पक्षकाराकडे बघत होतो. बांधापलीकडचे घर मी फाइलमध्ये एका ओळीत संपवले होते.

मयताच्या पत्नीचे म्हणणे घ्यायचे की नाही, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. ताईंचे मत होते की घ्यायलाच हवे. मला भीती होती की आपण तिच्यावर ओझे टाकू : ‘नाही’ म्हटले तर निर्दय, ‘हो’ म्हटले तर नवऱ्याशी बेइमान. शेवटी ठरले की बंद्याच्या वकिलाने तिच्या दारात जायचे नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांनी एक अनुभवी महिला स्वयंसेविका पाठवली. तिने संमती मागायची नाही, फक्त काय चालले आहे ते सांगायचे आणि मयताच्या पत्नीला काय वाटते ते ऐकायचे. स्वयंसेविकेने लिहून आणलेले म्हणणे असे होते : ‘मी हो म्हणणार नाही. माझी सही घेऊ नका. मरायला टेकलेल्याला धरून ठेवा, असंबी मी म्हणणार नाही. फक्त गावात आणू नका. माझं पोरगं रोज त्याच बांधावरनं जातं.’

याने प्रकरणाची दिशा बदलली. आम्ही याचिकेला पुरवणी जोडली : आप्पा गावी जाणार नाहीत, मुलीकडे राहतील, तिथल्या पोलीस ठाण्याला कळवले जाईल. विधी स्वयंसेवक मुलीचे घर पाहून आला. दोन खोल्या, शौचालय घरात, उपजिल्हा रुग्णालय चार किलोमीटरवर. नळीतून पेज कशी द्यायची हे मुलगी मुलाखतीच्या दिवशी कारागृहातल्या कंपाउंडरकडून शिकून गेली. पोलिसांनी सुधारित अहवाल दिला. नव्या ठिकाणी त्यांची हरकत नव्हती.

तरी फाइल हलेना. ११८ व्या दिवशी रिट दाखल केली. १२६ व्या दिवशी उच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निर्णय घेण्याचा आदेश दिला. आदेशाची मुदत एका आठवड्याने उलटली. १६१ व्या दिवशी उरलेली शिक्षा अटींसह माफ झाल्याचा आदेश निघाला, १६३ व्या दिवशी आप्पा स्ट्रेचरवरून दाराबाहेर आले.

इथे एक तुलना मनात येते. येरवड्यात सहा वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींवर १२ जानेवारी १९२४ ला पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची (अपेंडिक्सची) शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची उरलेली शिक्षा बिनशर्त माफ केली. चोवीस दिवस. त्यांच्यामागे सारा देश होता, आप्पांच्या मागे एक अंगणवाडी मदतनीस. तुलना अन्यायाची आहे हे मला कळते. पण यंत्रणेने मनात आणले तर कागद किती दिवसांत फिरू शकतो, हे त्या परकीय सरकारच्या काळातही दिसले होते.

परिणाम

आप्पा मुलीकडे ४१ दिवस जगले. उपजिल्हा रुग्णालयातल्या परिचारिकेने जावयाला गोळ्यांचे वेळापत्रक भिंतीवर लिहून दिले होते. रात्री दोनची गोळी तो द्यायचा, कारण पहाटे त्याला टेम्पो काढायचा असे. पाचव्या दिवसानंतर आप्पा सलग झोपू लागले, असे मुलीने सांगितले. शिधापत्रिकेतून त्यांचे नाव कधीच कमी झाले होते, त्यामुळे जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी तहसीलमध्ये खेटे घालावे लागले. हे काम सुटकेआधी व्हायला हवे होते.

दहाव्या दिवशी स्वयंसेवक भेटून आला. कारागृहातल्या शेजारच्या बंद्याला निरोप होता : ‘दुखत नाही.’

काय वेगळे करता आले असते

चुकीच्या कलमाखालचा अर्ज ही उघड चूक. पण तिच्या मागची चूक अशी की रोग पहिल्यांदा उलटला तेव्हाच, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकण्याआधी, तयारी सुरू करायला हवी होती. नॉमिनल रोल (बंद्याच्या शिक्षेचा कारागृहातला तक्ता), रजेच्या नोंदी, मुलीच्या घराची पाहणी, शिधापत्रिका, यातल्या एकालाही वैद्यकीय मंडळाची वाट बघण्याची गरज नव्हती. आता मी कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे दर महिन्याला एकच विचारतो : ज्यांचा आजार बरा होणार नाही असे कोण? राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने १० डिसेंबर २०२४ पासून वृद्ध आणि दुर्धर आजारी बंद्यांसाठी विशेष मोहीम सुरू केली, त्यामुळे हे विचारणे थोडे सोपे झाले आहे.

उलट बाजूची एक काळजीही नोंदवली पाहिजे. कोठडीत मृत्यू झाला की २४ तासांत मानवी हक्क आयोगाला कळवणे आणि चौकशी असे सोपस्कार मागे लागतात. त्यामुळे कधी कधी अखेरच्या दिवसांत सुटकेची घाई यंत्रणेलाच होते आणि बंदी अशा घरी पोचतो जिथे त्याला कोणी पाणीही पाजणार नसते. घर पाहिल्याशिवाय सुटका मागायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. घर नसेल तर आधी वेदनाशमन केंद्रात जागा मिळवायची.

आणि अटींबद्दल. आम्ही गावबंदीची अट स्वतःहून सुचवली, ती योग्य होती. पण ती लिहिताना आम्ही फक्त जिवंत माणसाचा विचार केला.

एक्केचाळिसाव्या दिवशी रात्री साडेदहाला मुलीचा फोन आला. ‘साहेब, बाबा गेले. आईला मळ्यात दिलं होतं, तिथंच द्या म्हणून सांगून ठेवलंय त्यांनी. नेऊ का?’ मळा म्हणजे तेच शेत, तोच बांध. आदेश वाचला. अट बंद्यावर होती, मृतदेहाबद्दल एक शब्द नव्हता. कायद्याने नेता आले असते. मी तिला सकाळपर्यंत थांबायला सांगितले आणि आधी ठाणे अंमलदाराला, मग ताईंना फोन केला.

सकाळी सातला स्वयंसेविका पुन्हा त्या घरी गेली. ज्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तीन महिन्यांपूर्वी शांतपणे ठरवायला हवे होते, तो प्रश्न त्या बाईला चुलीपुढे बसलेली असताना विचारावा लागला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मळ्यात नको. गावच्या स्मशानात द्या.’

दुपारी बाराला गावच्या स्मशानात अग्नी दिला. दोन हवालदार रस्त्यावर उभे होते. मयताचा मुलगा त्या दिवशी शेतात गेला नाही.